बॅरिस्टर कॉर्नेलियाबाई सोराबजी

हैदराबादेत मुसा नदीच्या काठी, नया पुलाजवळ, उच्च न्यायालयाची जी भव्य घुमटदार इमारत उभी आहे, ती आमच्या बहुतेक वाचकांनी जाता-येता पाहिली असेल. काळा डगला आणि पांढरा गळपट्टा घातलेल्या स्त्री-वकील तेथे पायऱ्या चढताना दिसतात, त्यांच्याकडे आज कोणी वळूनही पाहत नाही. २०२१ साली तर न्या. हिमा कोहली यांच्या रूपाने तेलंगण उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तिपदावर प्रथमच एक स्त्री आली. परंतु १९२० साली ही इमारत उघडली, तेव्हा उभ्या हिंदुस्थानातील एकाही उच्च न्यायालयाच्या पटावर स्त्री-वकिलाचे नाव नव्हते. ऑक्सफर्ड विद्यापीठाची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन अठ्ठावीस वर्षे झालेली, मुंबईची आणि अलाहाबादची परीक्षाही पदरी असलेली एक विदुषी त्या वेळी सनदेवाचूनच होती. ती आपल्या नाशिकची आणि पुण्याची होती, म्हणून तिचे चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील सोराबजी खर्सेटजी हे मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व पुढे ते धर्मोपदेशक झाले. आई फ्रान्सिना या एका इंग्रज दांपत्याने दत्तक घेऊन वाढविलेल्या होत्या. घरात मुलींचीच संख्या मोठी, परंतु मुलगी झाली म्हणून त्या घरी कोणी तोंड वाईट केल्याचे ऐकिवात नाही. काही काळ बेळगावास काढून हे कुटुंब पुण्यास स्थायिक झाले. पुण्यात फ्रान्सिनाबाईंनी व्हिक्टोरिया हायस्कूल काढले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका बाकावर बसत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. कॉर्नेलियाच्या बहिणींपैकी सूझी यांनी पुढे पुण्यातच सेंट हेलेनाज ही शाळा स्थापन केली, तर अ‍ॅलिस या डॉक्टर झाल्या.

फ्रान्सिनाबाईंकडे अडल्या-नडल्या स्त्रिया सल्ल्यासाठी येत. त्यांपैकी एकीची हकीकत बाईंनी उतारवयातही विसरलेली नव्हती. गुजरातेकडील एक श्रीमंत स्त्री होती. तिची मालमत्ता सांभाळणाऱ्या कारभाऱ्याने विश्वासाने पुढे केलेल्या कागदावर तिने सही केली आणि त्या एका सहीने ती आपल्या सर्वस्वाला मुकली. ती पडद्यात राहणारी असल्यामुळे परपुरुषासमोर येऊ शकत नव्हती, आणि वकील तर सारेच पुरुष. मग तिने आपली बाजू मांडावी कोणापुढे? कोपऱ्यात बसून हे ऐकणाऱ्या लहान कॉर्नेलियाला आईने सांगितले, की अशा स्त्रियांना साह्य करावयाचे असेल तर कायदा शिकला पाहिजे. मुलांना मोठेपणी काय व्हायचे असे विचारले की ती घडीघडीला उत्तर बदलतात. या मुलीने मात्र ते बदलले नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती दाखल झाली तेव्हा तेथे दुसरी विद्यार्थिनी नव्हती. ती वर्गाकडे येताना दिसली की काही टवाळ विद्यार्थी दार लावून घेत, असे सांगतात. दारे लागली तरी अभ्यास थांबला नाही. १८८८ साली ती मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली, आणि तीही पहिल्या वर्गात. कॉलेजच्या यादीत तिचे नाव सर्वांच्या वर होते. अशा विद्यार्थ्यास विलायतेस जाऊन पुढील शिक्षण घेण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. तीवर तिचा हक्क सरळ होता. परंतु शिष्यवृत्ती पुरुषांसाठी आहे, असे सांगून सरकारने ती नाकारली. नियम करणारांच्या स्वप्नातही मुलगी पहिली येईल असे आले नसावे.

या वेळेचा पुण्यातील काळ आठवला म्हणजे मन भरून येते. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यातच निवर्तल्या. रखमाबाईंचा खटला मुंबईच्या न्यायालयात गाजत होता, आणि त्यातून सुटून त्या १८८९ साली वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेल्या. वैद्यकाचे दार स्त्रियांना किलकिले तरी झाले होते. स्त्रियांच्या रोगावर स्त्री-डॉक्टर हवी, हे लोकांना पटत चालले होते. स्त्रियांच्या खटल्यासाठी स्त्री-वकील हवी, हे पटण्यास मात्र फार अवकाश होता.

शिष्यवृत्ती गेली तेव्हा कॉर्नेलियाने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजीच्या अध्यापकाची हंगामी जागा घेतली. एकवीस-बावीस वर्षांची तरुणी आणि समोर सारा पुरुषांचा वर्ग! दरम्यान तिच्यावरील अन्यायाची वार्ता इंग्लंडात पोहोचली होती. लेडी हॉबहाऊस यांच्या पुढाकाराने तेथे वर्गणी गोळा झाली. देणगीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारख्या थोर स्त्रिया होत्या. त्या पैशावर १८८९ साली ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाली.

येथे हैदराबादकरांच्या अभिमानाची एक गोष्ट मध्येच सांगितल्यास वाचक क्षमा करतील. यानंतर सहाच वर्षांनी, १८९५ साली, आपल्या शहरातील सरोजिनी चट्टोपाध्याय ही सोळा वर्षांची मुलगी शिक्षणासाठी इंग्लंडला गेली. पुढे तीच सरोजिनी नायडू या नावाने प्रसिद्ध झाली. तिला शिष्यवृत्ती दिली ती निजामांनी. हिंदुस्थान सरकारने नाशिकच्या मुलीला जे नाकारले ते आमच्या संस्थानाने आपल्या मुलीला दिले, हे त्या दरबाराच्या खाती जमा करावयास हवे.

ऑक्सफर्डला आल्यावर तिला प्रथम इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास घेण्यास सुचविण्यात आले. मन कायद्यात होते. बेलियल कॉलेजचे वृद्ध प्रमुख बेंजामिन जाउएट यांनी ते ओळखले आणि तिच्यासाठी वाट मोकळी केली. ऑल सोल्स कॉलेजचे प्रमुख सर विल्यम अ‍ॅन्सन हे स्वतः कायद्याचे मोठे पंडित. त्यांनी आपल्या कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी तिला दिली. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणारी ती पहिलीच स्त्री. डायसी, पोलॉक अशा नामवंतांचे मार्गदर्शन तिला लाभले. या नावांचे ग्रंथ आजही कायद्याचे विद्यार्थी वाचतात.

१८९२ साल उजाडले. बी.सी.एल. म्हणजे दिवाणी कायद्यातील पदवीची परीक्षा द्यावयाची होती. ही पदवी साधी नव्हे, ऑक्सफर्डमधील कायद्याच्या अभ्यासाचे ते वरचे शिखर समजले जाते. परीक्षा जवळ आली आणि नवेच विघ्न उभे राहिले. स्त्रीची उत्तरपत्रिका आपण तपासणार नाही, असे एका परीक्षकाने कळविले. तिने वेगळ्या खोलीत, देखरेखीखाली बसून परीक्षा द्यावी, अशी तडजोड सुचविण्यात आली. अशा बाजूच्या परीक्षेस उद्या कोण मानणार, हे तिने जाणले होते. सर्वांबरोबर बसू द्या, हा तिचा आग्रह कुलगुरूंपर्यंत पोहोचला, आणि परीक्षेच्या अगदी तोंडावर विद्यापीठाने खास ठराव करून तिला पुरुषांबरोबर बसण्याची मुभा दिली. मनाची एवढी ओढाताण सोसून ती परीक्षेस बसली व उत्तीर्ण झाली. वर्ग तिसरा मिळाला, याचे तिला दुःख झाले. आम्हांस वाटते, ज्या विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका हाती पडेल की नाही याचीच आदल्या दिवसापर्यंत खात्री नव्हती, त्याच्या गुणांचा हिशेब निराळ्या तराजूत घातला पाहिजे.

परीक्षा झाली, परंतु पदवी मिळाली नाही! ऑक्सफर्डमध्ये स्त्रियांना परीक्षा देता येत असे, पदवी घेता येत नसे. दीक्षान्त समारंभात तिच्याबरोबर बसलेल्या तरुणांनी झगे चढवले, ती मात्र तशीच राहिली.

आमच्या विद्यार्थी वाचकांसाठी येथे पदवी आणि सनद यांतील भेद थोडा उलगडून सांगितला पाहिजे, कारण कॉर्नेलियाबाईंच्या आयुष्यातील सारा झगडा त्या भेदातच आहे. पदवी विद्यापीठ देते. न्यायालयात उभे राहून बोलण्याचा अधिकार, म्हणजे सनद, देणारे दुसरे असतात. इंग्लंडात बॅरिस्टर होण्यासाठी लंडनमधील लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल व मिडल टेंपल या चार पुरातन संस्थांपैकी एकीत नाव घालावे लागे, परीक्षा द्यावी लागे, आणि ठरावीक सत्रे भरल्याची खूण म्हणून संस्थेच्या भोजनगृहात नेमकी जेवणे जेवावी लागत. विनोद नव्हे, जेवणांची खरोखर मोजदाद होई. याच वर्षांत आणखी एक हिंदी तरुण लंडनमध्ये ही जेवणे जेवत होता. मोहनदास करमचंद गांधी त्याचे नाव. इनर टेंपलमधून १८९१ च्या जूनमध्ये तो बॅरिस्टर झाला व मायदेशी परतला. त्याच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, तरी न्यायालयाचे दार त्याला खुले होते. कॉर्नेलियाबाईंनी अधिक अवघड परीक्षा दिली होती, परंतु चारही संस्थांची दारे स्त्रियांना बंद होती. बंद असलेल्या दारापुढे परीक्षेचे गुण कोणी विचारीत नाही.

हिंदुस्थानातील व्यवस्थाही गुंतागुंतीची होती. मुंबई आणि कलकत्ता येथील उच्च न्यायालयांत मूळ शाखेचे काम बॅरिस्टर व सॉलिसिटर यांच्या हाती असे. इतरत्र वकील, प्लीडर, मुखत्यार अशा पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक उच्च न्यायालयाचे नियम व परीक्षा स्वतंत्र. स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याने या साऱ्या पायऱ्या मोडून अ‍ॅडव्होकेट हा एकच वर्ग केला. आज एखादा भारतीय विद्यार्थी परदेशातील मान्यताप्राप्त विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन आला, तर त्याला बार कौन्सिल ऑफ इंडियाची पात्रता परीक्षा द्यावी लागते, मगच सनद मिळते. उलट दिशेने जाणाऱ्यांचीही तीच कथा. येथील वकिलाला इंग्लंडात सॉलिसिटर व्हावयाचे असेल तर २०२१ पासून तेथे सर्वांसाठी एकच पात्रता परीक्षा आहे, आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात जायचे असेल तर बहुधा तेथील विद्यापीठात वर्षाचा एल्एल्.एम्. अभ्यासक्रम करून वकिलीच्या परीक्षेस बसावे लागते. कष्ट आजही आहेत, खर्च तर आहेच. परंतु परीक्षा दिली की निकालाप्रमाणे फळ मिळते. कॉर्नेलियाबाई या वाटेने एकट्या चालल्या तेव्हा असे काही नव्हते.

काही महिने लंडनमध्ये ली अँड पेंबर्टन या सॉलिसिटरांच्या कचेरीत काम शिकून १८९३ साली त्या परतल्या. आता त्यांचे नाव विद्वानांत झाले होते, परंतु हाती अधिकार शून्य. काठेवाडातील संस्थानांच्या एजन्सी न्यायालयांत पडदानशीन स्त्रियांच्या वतीने बोलण्याची मुभा त्यांना मिळू लागली. ती खास परवानगी असे, हक्क नव्हे.

या दिवसांतील एक हकीकत बाईंनी आपल्या आठवणींत मोठ्या मौजेने लिहिली आहे. एका संस्थानात त्यांचा पक्षकार चक्क एक हत्ती होता! पूर्वीच्या राजाने त्याच्या चाऱ्यासाठी आमराई लावून दिली होती, ती नव्या राजाने काढून घेतली. बाई हत्तीची बाजू मांडण्यास दरबारी गेल्या. न्यायासनावर स्वतः राजेसाहेब, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार तेच, आणि ते बसले होते झोपाळ्यावर. बाईंनी तोंड उघडण्यापूर्वीच निकाल त्यांच्या बाजूने झाला. कारण विचारता कळले, की महाराजांच्या कुत्र्याला बाई आवडल्या होत्या. बाईंना मात्र या जयाचा आनंद झाला नाही. इतकी वर्षे अभ्यासलेल्या कायद्याची किंमत कुत्र्याच्या शेपटीइतकी ठरली, हे कोणाला रुचेल?

१८९६ साली पुण्यात खुनाच्या एका खटल्यात त्या आरोपीच्या बचावासाठी उभ्या राहिल्या. फौजदारी कायद्यात, न्यायाधीशाची अनुमती असल्यास सनद नसलेल्या व्यक्तीलाही आरोपीच्या वतीने बोलता येई. कायद्यात व्यक्ती असे म्हटले होते, पुरुष असे म्हटले नव्हते, या फटीतून बाई आत शिरल्या. ब्रिटिश साम्राज्याच्या न्यायालयात बचावासाठी उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून इतिहासकार त्यांचा उल्लेख करतात. ज्या शहरात त्यांच्या तोंडावर वर्गाची दारे लागली होती, तेच हे शहर.

परंतु फटीतून किती दिवस जायचे? विलायतेची पदवी मानीत नाहीत तर येथील घेऊ, असे म्हणून त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्एल्.बी. परीक्षा दिली व १८९७ साली उत्तीर्ण झाल्या. तेवढ्याने भागेना, तेव्हा अलाहाबादेस जाऊन १८९९ साली तेथील उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. तीही उत्तीर्ण. या तिसऱ्या परीक्षेनंतरही सनद नाहीच. इंग्लंडातच जर स्त्रिया वकिली करीत नाहीत, तर हिंदुस्थानातील न्यायालयाने पुढे कसे जावे, असा युक्तिवाद झाला. बाईंचे बंधू रिचर्ड हे त्याच अलाहाबादेत बॅरिस्टर होते. एकाच घरातील दोन मुले, दोघेही ऑक्सफर्डला शिकलेली. भावाने झगा घालावा आणि बहिणीने त्याच्या कचेरीत बसून कागद तयार करावेत! आम्ही हे लिहिताना थोडे थांबलो. ज्यांच्या घरी मुलगा व मुलगी दोन्ही शिकत आहेत त्यांनीही येथे क्षणभर थांबावे.

दुसरी कोणी असती तर या ठिकाणी हरली असती. बाईंनी दिशा बदलली. न्यायालयाच्या दाराऐवजी त्यांनी सरकारच्या दारावर थाप मारली. त्या काळी जमीनदार मरण पावला व मागे अज्ञान मुले किंवा विधवा राहिली, तर त्या इस्टेटीचा कारभार सरकार आपल्याकडे घेई. त्या खात्यास कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणत. अशा इस्टेटी लाखांच्या असत. कागदोपत्री मालकीण अंतःपुरात, आणि बाहेर दिवाण, मुनीम, दीर, भाचे यांचे राज्य. पडद्यामागून जो होकार येतो तो मालकिणीचाच आहे, की तिच्या जागी बसविलेल्या दासीचा, हे बाहेर उभ्या असलेल्या पुरुष अधिकाऱ्याने ओळखावे कसे? आपल्या हैदराबादेतील जुन्या देवड्यांच्या कथा ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या असतील, त्यांना ही अडचण अधिक फोड करून सांगावयास नको. पडद्याच्या आत जाऊ शकेल अशी कायदा जाणणारी स्त्री सरकारने नेमावी, असे बाईंनी १९०२ पासून लंडनच्या इंडिया ऑफिसला लिहिण्यास आरंभ केला. लिहून, भेटून, वर्तमानपत्रांतून मांडून अखेर १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची नेमणूक झाली. पुढे बिहार, ओरिसा व आसाम हे प्रांतही त्यांच्या कक्षेत आले.

येथून पुढची सुमारे अठरा वर्षे हाच बाईंच्या आयुष्याचा खरा गाभा आहे, असे आमचे मत आहे. आगगाडी, पालखी, होडी, कधी हत्ती, जे वाहन मिळेल त्याने त्या दूरदूरच्या वाड्यांत जात. कोठे विधवेची पोटगी बुडविलेली असे, कोठे अज्ञान वारसाच्या जिवाला धोका असे, तर कोठे दोन सवतींचा दावा वर्षानुवर्षे चालून इस्टेट वकिलांच्या घशात गेलेली असे. त्या स्त्रियांजवळ जाऊन बसत, त्यांचे सोवळेओवळे सांभाळीत, घरातील कुलदेवतेचा मान राखीत, आणि मग हळूच कागद मागवीत. शक्य तेथे समेट घडवून आणीत, नाही तेथे सरकारी अधिकाऱ्यांना खरी परिस्थिती कळवीत. मुलांच्या शिक्षणाची सोय, मुलींना शिक्षिका ठेवणे, आजाऱ्यास डॉक्टर आणविणे, हेही त्यांनीच पाहावयाचे. सहाशेहून अधिक स्त्रिया व मुले यांना त्यांनी साह्य केल्याचे सांगतात. १९०९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. लहानपणी पुण्याच्या घरी रडत आलेल्या त्या स्त्रीचे ऋण त्यांनी असे फेडले.

सनदेचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत होता, आणि तो आता त्यांच्या एकटीचा राहिला नव्हता. १९१६ साली रेजिना गुहा यांनी कलकत्ता उच्च न्यायालयात सनदेसाठी अर्ज केला, तो फेटाळला गेला. सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज पाटण्याच्या उच्च न्यायालयाने १९२१ साली नामंजूर केला. वकिलीच्या कायद्यात जी व्यक्ती म्हटली आहे तिच्यात स्त्री येत नाही, असा अर्थ विद्वान न्यायमूर्ती लावीत. महायुद्धानंतर मात्र वारे फिरले. १९१९ च्या डिसेंबरात इंग्लंडात कायदा होऊन, स्त्री आहे एवढ्याच कारणाने कोणासही व्यवसायातून वगळता येणार नाही, असे ठरले. १९२० साली ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्याचा निर्णय घेतला. केंब्रिजला यासाठी १९४८ साल उजाडावे लागले. २४ ऑगस्ट १९२१ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलियाबाईंचे नाव आपल्या पटावर घेतले. त्या न्यायालयाची परीक्षा देऊन त्यांना बावीस वर्षे झाली होती.

१९२२ साली त्या पुन्हा ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ सालच्या परीक्षेची पदवी त्यांनी स्वीकारली. वय पंचावन्न. तिशीच्या आत जो झगा अंगावर यावयाचा तो केस पांढरे झाल्यावर आला. त्याच वर्षी लंडनच्या ग्रेज इनमधून डॉ. भीमराव आंबेडकर बॅरिस्टर झाले. त्यांच्यापुढेही अडथळे थोडे नव्हते, ते निराळ्या जातीचे होते एवढेच. पुढच्या वर्षी, १९२३ साली, लिंकन्स इनने बाईंना बॅरिस्टर करून घेतले, आणि हिंदुस्थानातही स्त्रियांच्या वकिलीची बंदी उठविणारा कायदा त्याच वर्षी संमत झाला.

वाचकांना वाटेल, आता सारे गोड झाले. तसे झाले नाही. १९२४ साली बाईंनी कलकत्त्यास बॅरिस्टरी सुरू केली. बॅरिस्टराकडे काम येते ते सॉलिसिटरांच्या हातून, आणि सॉलिसिटर स्त्रीला काम देण्यास कचरत. लेखी मत द्या, कागद तयार करा, बोलण्याचे काम दुसरे करतील, असेच बहुधा चाले. कायदा बदलला होता, कचेऱ्यांतील सवयी बदलल्या नव्हत्या. त्याच सुमारास मुंबईस मिठन टाटा ही तरुणी लिंकन्स इनमधूनच बॅरिस्टर होऊन आली. तिच्या पिढीला वाट थोडी रुंद मिळाली. बाईंना जे मिळाले ते मिळेतो काम करण्याची वर्षे सरली होती. १९२९ साली त्या कलकत्ता सोडून लंडनला गेल्या व तेथेच राहिल्या.

चरित्र लिहिताना नायकाच्या गुणांचीच आरती ओवाळण्याची जी प्रथा आहे ती आम्हांस मान्य नाही, म्हणून एक गोष्ट लपविता येत नाही. बाईंचे राजकीय मत स्वातंत्र्याच्या चळवळीला अनुकूल नव्हते. इंग्रजी राज्यावर त्यांचा विश्वास होता आणि गांधीजींच्या मार्गावर त्यांनी कठोर टीका केली. १९२७ साली मिस मेयो या अमेरिकन बाईंनी हिंदुस्थानाची निंदा करणारे जे पुस्तक लिहिले, त्याला बाईंनी काहीसा पाठिंबा दर्शविला, तेव्हा देशात त्यांच्याविषयी मोठा रोष उत्पन्न झाला. समाजसुधारणेच्या कार्यात जोडलेल्या अनेक भगिनी त्यामुळे दुरावल्या. इंग्रज मित्रांच्या साह्यावर ज्यांचे शिक्षण झाले त्यांना तसे वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या सरकारने शिष्यवृत्ती नाकारली, सनद नाकारली, त्याच्यावर एवढी श्रद्धा त्यांनी कशी ठेवली, हे कोडे आम्हांस सुटलेले नाही. त्यांच्या मताचे समर्थन आम्ही करीत नाही, आणि त्या मतासाठी पडद्याआडच्या सहाशे जणांचे काम पुसून टाकावे असेही आम्हांस वाटत नाही.

लंडनमध्ये त्यांनी आठवणी लिहिल्या. त्या १९३४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. आईवडिलांचे व बहीण सूझी यांचे चरित्रही त्यांनी लिहिले. दृष्टी फार पूर्वीपासून अधू होती, ती आणखी मंदावत गेली. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असतानाही त्या तेथेच होत्या. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्याचे त्यांनी दुरूनच पाहिले. ६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. त्यांचे कागदपत्र व रोजनिशा आज ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेल्या आहेत. २०१२ साली लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. १८९२ साली शेजारच्याच एका कचेरीत त्या काम शिकत होत्या, तेव्हा याच संस्थेत नाव घालण्याची त्यांना परवानगी नव्हती.